वडीलकीच्या क्रमाने जोडलेली तार

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी वीज खात्याचा इन्स्पेक्टर जसुर कमोलोव मार्गिलान शहरातल्या तुतझोर मोहल्ल्यात मीरवली नोसिरोव यांच्या घरी आला. छपरावरून अंगणात उतरलेली अर्थिंगची तार त्याने एकदा वरून खाली पाहिली, एकदा खालून वर पाहिली, आणि सही न करता निघून गेला. चहा घेतला नाही.

सही न केल्याची बातमी दुपारपर्यंत मोहल्ल्यात पोचली. चहा न घेतल्याची त्याच्या कितीतरी आधी पोचली. तुतझोरमध्ये इन्स्पेक्टर येऊन सही न करता जाणं ही रोजची गोष्ट आहे. पण चहा न घेता गेला म्हणजे यजमानाने काहीतरी भयंकर केलं असलं पाहिजे, यावर गल्लीच्या दोन्ही टोकांचं एकमत झालं.

मीरवली-अकांनी (वडीलधाऱ्या माणसाला इथे 'अका' म्हणतात) भयंकर असं काहीच केलं नव्हतं. त्यांनी फक्त सगळ्यांचं ऐकलं होतं.

छपरावरची सौर पॅनेलं त्यांच्या मुलाने, दोनियोरने, कोरियातून फोनवरच मागवून दिली होती. कंपनीची माणसं आली, पॅनेलं चढवली, भिंतीवर इन्व्हर्टर लावला, खाली बॅटरी ठेवली, आणि मुख्य बटणाला शिशाचं सील ठोकून हात झटकून उभी राहिली. सील वीज खात्याचं. खात्याचा माणूस येऊन अर्थिंग तपासेल, सही करेल, मग सील काढेल.

"अर्थिंग कुठाय?" मीरवली-अकांनी विचारलं.

"ते तुमच्याकडे, अका. तेवढी एक तार टाकून घ्या," असं म्हणून ती माणसं गाडीत बसली.

तेवढी एक तार! मीरवली-अकांना हा शब्दप्रयोग आवडला नाही. रेशीम गिरणीत उभी हयात त्यांनी सुरक्षा अधिकारी म्हणून काढली होती. कामगारांना रांगेत उभं करून 'उघड्या वायरला हात लावू नका' हे त्यांनी शेकडो वेळा बजावलं होतं, आणि हा नियम स्वतःही इतक्या निष्ठेने पाळला होता की वायरीला हात लावण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आलाच नव्हता. घरातला बल्बसुद्धा सनोबर बदलायची.

सनोबर म्हणजे त्यांची पत्नी. आणि या सगळ्यात खरी घाई तिलाच होती. कोठीशेजारच्या खोलीत तिची अंडी उबवायची पेटी होती आणि पेटीत लावा पक्ष्याची अंडी होती. साधी नव्हेत. तिच्या वडिलांनी पाळलेल्या लाव्यांची जात अशी होती की भोपळा पोखरून केलेल्या पिंजऱ्यात एक नर टांगला तर चहाखान्यातली माणसं फाशाचा खेळ थांबवून ऐकत बसायची. त्या वंशातली आता एकच मादी उरली होती, आणि तिनेही या खेपेनंतर अंडी घालणं बंद केलं होतं. वसंतातली खेप, वीज सकाळी गेली ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही म्हणून, पेटीत थंड पडून गेली होती. त्यावर सनोबर एक अक्षरही बोलली नव्हती. बोलली असती तर मीरवली-अकांना बरं वाटलं असतं.

"अहो," ती एवढंच म्हणाली, "पुढच्या आठवड्यात शुक्रवार-शनिवारकडे चोची वाजायला लागतील. तोवर ते सील निघायला हवं."

"निघेल की. तेवढी एक तार तर टाकायची आहे," मीरवली-अका म्हणाले.

त्यांनी रीतसर अभ्यास केला. गिरणीतलं जुनं सुरक्षेचं पुस्तक काढलं, चष्मा पुसला, आणि निष्कर्ष काढला: तार तांब्याची हवी, सहा चौरस मिलिमीटर जाडीची, वर पिवळं-हिरवं वेष्टण असलेली आणि छपरापासून खड्ड्यातल्या सळईपर्यंत एकसंध, मध्ये एकही सांधा नसलेली. निष्कर्ष अचूक होता. त्यांनी 'एकसंध' या शब्दाखाली रेघही ओढली. या प्रकरणात मीरवली-अकांनी घेतलेला हा पहिला योग्य निर्णय, आणि पुढे बराच काळ दुसरा झाला नाही.

पिशवी घेऊन ते बाजाराला निघाले. फाटकातच शेजारचा तोजीबॉय भेटला. तोजीबॉय पूर्वी सामूहिक शेतीवर ट्रॅक्टर चालवायचा आणि आता फाटकात बसायचा.

"कुठं निघालात, अका?"

आता इथे कोणीही शहाणा माणूस 'कांदे आणायला' म्हणाला असता. मीरवली-अका सुरक्षा खात्यातले. खोटं बोलायची सवय नाही.

"तार आणायला. अर्थिंगची."

तोजीबॉय उठून उभा राहिला. "विकत?"

"मग?"

"मी मेलोय का?" तोजीबॉय म्हणाला. "माझ्या गोठ्यावर तारेचं भेंडोळं पडलंय आणि तुम्ही माझ्या दारावरून बाजारात जाता? लोक काय म्हणतील? तोजीबॉय शेजाऱ्याला वीतभर तार देऊ शकला नाही?"

त्याने भेंडोळं काढून आणलं. शेताच्या पंपघरावरची जाड ॲल्युमिनियमची तार होती ती. मीरवली-अका म्हणाले, पुस्तकात तांब्याची सांगितलीय. तोजीबॉयने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने पुढे केलेली नान त्यांनी उलटीसुलटी करून, वास घेऊन परत ठेवली. मीरवली-अकांनी तार घेतली. न घेऊन करतात काय? पुढची वीस वर्षं त्याच फाटकासमोरून जायचं होतं.

संध्याकाळी ही गोष्ट समरखान न्हाव्याच्या दुकानात पोचली. मोहल्ल्यात निघणारा कुठलाही विषय समरखानच्या खुर्चीवरूनच पुढे जातो. समरखान तरुणपणी लष्करी विमानतळावर दोन वर्षं पहारा देत होता, त्यामुळे विमान, हवामान, किडनी आणि वीज या विषयांवर त्याचा शब्द अखेरचा मानला जातो.

"ॲल्युमिनियम?" तो वस्तरा हवेत धरून म्हणाला. "ॲल्युमिनियमने वीज जमिनीत जाईल, पण उलटी परत येईल. त्याला वेणी लागते. तांब्याची वेणी. विमानाला लावतात ती." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो हिरव्या पडलेल्या तांब्याची एक विणलेली पट्टी घेऊन दारात हजर. ती त्याने विमानतळावरून कशी आणली हे त्याने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

सनोबरचा धाकटा भाऊ शाकिर बाजारात मोबाइल दुरुस्त करतो. तो आला तोच रुसून. "दाजी, सगळा मोहल्ला तुम्हाला तार देतोय आणि मी घरचा माणूस बाहेरून ऐकतो? ताई काय म्हणेल?" ताई काहीच म्हणाली नव्हती, ती आत अंडी फिरवत होती. शाकिरने लग्नातल्या मोठ्या स्पीकरची तांबडी-काळी बारीक वायर आणली होती. "शुद्ध तांबं आहे, दाजी. हिच्यातून आवाजसुद्धा स्वच्छ जातो."

अर्थिंगमधून कुठला आवाज जाणार आहे, हे विचारायचं मीरवली-अकांच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात अक्सकाल आले.

अक्सकाल म्हणजे मोहल्ल्याचे प्रमुख होलमिर्झा-अता. पांढरी दाढी, चौकोनी टोपी, हातात काठी. त्यांनी काठीऐवजी त्या दिवशी द्राक्षाच्या मांडवाची लोखंडी तार गुंडाळून आणली होती. "माझ्या वडिलांनी ताणलेली आहे, मीरवली," ते म्हणाले. "तिच्यावर चाळीस वर्षं वेल उभा होता. तुझी वीज तिला जड नाही."

आता चौघांच्या चार तारा अंगणातल्या बाजेवर पडल्या होत्या. कुठलीही एक घेतली तर बाकी तिघांचा अपमान. शिवाय कुठलीही एक छपरापासून खड्ड्यापर्यंत पुरतही नव्हती. त्यामुळे उपाय आपोआप समोर आला: चौघांच्याही जोडायच्या.

"पण धातू वेगवेगळे आहेत," मीरवली-अका म्हणाले. त्यांचा हा विरोध नोंदवून ठेवायला हवा, कारण नंतर तो त्यांच्याखेरीज कोणालाच आठवला नाही.

"आपणही वेगवेगळेच आहोत," होलमिर्झा-अता म्हणाले. "राहतो की नाही एका मोहल्ल्यात?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. राहिला प्रश्न क्रमाचा, आणि तो प्रश्न नव्हताच. बाजेवर बसताना जो वडील तो दारापासून सर्वांत लांब, मानाच्या जागी. जो धाकटा तो दाराशी, चहाच्या किटलीजवळ. तारांचंही तेच. छपरावर, पॅनेलांना चिकटून, अक्सकालांची लोखंडी तार. तिच्याखाली तोजीबॉयचं ॲल्युमिनियम. त्याखाली समरखानची वेणी. आणि सर्वांत खाली, जिथे सगळ्या छपराची वीज गोळा होऊन जमिनीत शिरायची, तिथे वयाने सर्वांत लहान म्हणून शाकिरची स्पीकरची वायर, जी दोऱ्याहून थोडीच जाड होती.

खड्डा खणायला मोहल्ला एकत्र आला. कोणाच्या घरी काम निघालं की सगळ्यांनी फावडी घेऊन यायचं आणि घरधन्याने पुलाव घालायचा, ही इथली रीत. खणणारे सहा होते, खाणारे तीसेक. खणताना तिसऱ्याच फावड्याला गल्लीचा पाण्याचा नळ फुटला आणि अर्ध्या मोहल्ल्याचं पाणी मीरवली-अकांच्या अंगणात आलं. समरखानने लगेच जाहीर केलं की ओल्या जमिनीत अर्थिंग जास्त चांगलं लागतं. ते खरं होतं, म्हणूनच ऐकायला जास्त त्रास झाला. दोन दिवस गल्लीतल्या बायका बादल्या घेऊन फाटकासमोरून जाताना मीरवली-अकांना सलाम करत होत्या. नेहमीपेक्षा जरा मोठ्याने करत होत्या.

शेवटी कोणीतरी नजर लागू नये म्हणून तारेला तांबड्या मिरच्यांची जुडी बांधली. सोमवारी कोणीतरी तिच्यावर मोजे वाळत घातले. मंगळवारी जसुर कमोलोव आला.

मीरवली-अकांना सर्वांत झोंबली ती एक गोष्ट. जसुर त्यांचाच विद्यार्थी निघाला. गिरणीत शिकाऊ असताना तो त्यांच्या तासाला बसला होता.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, मोजे बाजूला करत, "हे ॲल्युमिनियम आणि तांबं थेट एकमेकांना पिळलंय. हा सांधा गंजतो आणि मग पेटतो. तुम्ही आम्हाला हे उभं करून पाठ म्हणायला लावायचात."

"लावायचो," मीरवली-अका म्हणाले.

"आणि खालची वायर कसली आहे?"

"आवाज स्वच्छ जातो तिच्यातून."

जसुरने मापनयंत्र लावलं, काटा पाहिला, यंत्र परत पिशवीत ठेवलं. मास्तरांच्या चेहऱ्याकडे त्याने पाहिलं नाही. "तांब्याची एकच तार लावा. पासपोर्टसकट. मी शुक्रवारी येतो." आणि मास्तरांच्या घरचा चहा घेऊन त्यांना आणखी लाज वाटायला नको, या सद्भावनेने तो निघून गेला. त्या सद्भावनेने केलेलं नुकसान वर सांगितलंच आहे.

पासपोर्ट म्हणजे कारखान्याचा दाखला: ही तार कुठे जन्मली, कशाची आहे, किती जाड. माणसाला तो परदेशी जायला लागतो, तारेला छपरावरून अंगणात उतरायला. तोजीबॉयच्या, समरखानच्या तारांचे पासपोर्ट मागायला जाणं म्हणजे काय, याचा विचारही मीरवली-अकांनी केला नाही.

बुधवारी ते बाजारात गेले. या वेळी मागच्या गल्लीने. योग्य तार मिळाली: पिवळी-हिरवी, सहाची, पासपोर्टसह. प्रश्न ती घरी नेण्याचा होता. मोहल्ल्याच्या चार तारा अंगावर असताना विकतची तार हातात घेऊन गल्लीतून जाणं शक्य नव्हतं. त्यांनी ती दुकानाच्या मागच्या बाजूला पोटाभोवती गुंडाळली, आणि वर घरून आणलेला चपान चढवला. चपान म्हणजे कापूस भरलेला, घोट्यापर्यंतचा झगा. हिवाळ्यात फार उबदार असतो. जुलै महिना होता.

तोजीबॉय फाटकात होताच. "अका! चपान? बरं नाही का?"

"थंडी वाजतेय," मीरवली-अका म्हणाले. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदाच थाप मारायची तर ती पेलेल अशी तरी निवडावी. घाम त्यांच्या भुवयांवरून ठिबकत होता.

"हुडहुडी भरून घाम! हे चांगलं लक्षण नाही." तोजीबॉयने त्यांना मायेने मिठी मारली आणि तसाच थबकला. "अका, पोट केवढं कडक झालंय तुमचं!"

तासाभरात मोहल्ल्याला मीरवली-अकांच्या पोटात काय झालं असावं, याची तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली होती, तिन्ही समरखानच्या खुर्चीवरून. रात्रीपर्यंत मेंढीच्या चरबीचं गरम सूप पाच घरांतून आलं.

गुरुवारी भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना, मीरवली-अका शिडीवर चढले. पुस्तक सनोबरने खाली उघडून धरलं होतं. नवी तार त्यांनी प्लॅस्टिकच्या नळीत घातली आणि ती नळी द्राक्षाच्या पानांमागून खाली सोडली, दिसू नये म्हणून. जुनी तार जिथल्या तिथे, मिरच्यांसकट, दर्शनी भागात ठेवली. योजना अशी की जसुरने मागची तपासावी आणि मोहल्ल्याने पुढची पाहावी. पानांमागे गांधीलमाशांचं पोळं होतं, हे या योजनेत धरलेलं नव्हतं. एक माशी नाकावर चावली, दुसरी पापणीवर. तरी त्यांनी शेवटचा बोल्ट आवळूनच शिडी सोडली. आयुष्यात वायरीचं हे त्यांचं पहिलं काम, आणि ते चोख झालं होतं.

"छान लावलीत हो," सनोबर म्हणाली. वसंतापासून त्यांच्या वाट्याला आलेलं हे पहिलं चांगलं वाक्य. सुजलेल्या नाकाने ते हसले.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर जसुर आला तेव्हा अंगणातल्या बाजेवर होलमिर्झा-अता, तोजीबॉय, समरखान आणि शाकिर, वयाच्या क्रमाने, चहा पीत बसले होते. आजारी माणसाला भेटायला आले होते. सूज नाकापर्यंत चढल्याचं पाहून समरखान गंभीर झाला होता.

मीरवली-अकांनी जसुरला डोळ्यांनी खुणावलं: मागे, पानांमागे. पण एक डोळा गांधीलमाशीमुळे अर्धा मिटलेला होता, त्यामुळे कुठली खूण आणि कुठली सूज हे जसुरला कळायला मार्ग नव्हता.

"अरे वा मास्तर, नवी तार घातलीत!" तो खणखणीत आवाजात म्हणाला. खड्ड्याशी वाकला, यंत्र लावलं. "उत्तम. पण हे काय? जुनीही सळईला जोडलेलीच आहे. दोन्ही नाही चालणार. जुनी तोडा."

बाजेवर कोणाच्या तरी दाताखाली साखरेचा खडा कटकन फुटला.

"नवी?" तोजीबॉय म्हणाला. मग त्याने मीरवली-अकांच्या पोटाकडे पाहिलं. ते पुन्हा नेहमीसारखं मऊ झालेलं होतं. "म्हणजे परवा ते..."

"तोजीबॉय, मी..."

"मी रात्रभर तुमच्यासाठी दुआ केली, अका."

मीरवली-अकांनी मान खाली घातली. आता काहीही बोलले असते तरी सुजलेल्या नाकातूनच आलं असतं.

"सगळी काढायला नको," जसुर घाईने म्हणाला. त्याला एव्हाना आपण काय केलंय हे उमगलं होतं. "एकाच ठिकाणी तोडली तरी पुरे. कुठेही. एक कट, आणि मी सही करतो, सील काढतो."

कुठेही. पण एकसंध नसलेल्या तारेत कुठेही म्हणजे कोणाच्या तरी तुकड्यात. मीरवली-अकांच्या हातात पक्कड होती. चौघेही आपापल्या चहाच्या वाटीत पाहत होते.

अखेर होलमिर्झा-अतांनी वाटी खाली ठेवली. "माझी तोड, मीरवली."

"छे!" तोजीबॉय ताडकन म्हणाला. "अक्सकालांची तार तोडायची? आम्ही असताना? माझी तोडा, अका. मी काही रागावलेलो नाही." त्याचा चेहरा वेगळं सांगत होता.

"वेणी तोडा," समरखान म्हणाला. "मित्रासाठी एवढंही करता येऊ नये का?"

"दाजी, मी घरचा. माझी बारीक आहे, नखानेही तुटेल," शाकिर म्हणाला.

"तू गप्प बस," तिघेही म्हणाले. "वडील बसलेत आणि पहिला मान तुला?"

आणि मीरवली-अकांच्या लक्षात आलं की आपण पूर्वीपेक्षा मोठ्या पेचात आहोत. मघापर्यंत ज्याची तोडावी त्याचा अपमान होता; आता ज्याची तोडणार नाही त्याचा होता. मोठ्या मनाने बळी द्यायला चौघे तयार होते, आणि ज्याचा बळी नाकारला जाईल तो जन्मभर विचारणार होता, माझी तार काय तोडायच्याही लायकीची नव्हती?

"मास्तर," जसुर घड्याळ पाहत म्हणाला, "ऑफिस बंद व्हायच्या आत मला आणखी एका ठिकाणी जायचंय."

"बस बेटा, चहा घे," होलमिर्झा-अता म्हणाले. या वेळी जसुर बसला. नाही म्हणायची त्याची हिंमत झाली नाही.

तेवढ्यात कोठीतल्या फ्रिजचा घरघराट एकदम थांबला. गल्लीतले पंखेही थांबले असावेत, कारण पाच-सहा घरांतून एकदम "गेली!" असा सूर उठला.

सनोबर दारात आली. तिच्या दोन्ही तळहातांची ओंजळ छातीशी धरलेली होती.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "एका अंड्याला तडा गेलाय. आतून पिल्लू टोचतंय. पेटी किती वेळ गरम राहील सांगता येत नाही."

अंगणातल्या सगळ्यांनी ओंजळीकडे पाहिलं. मग पकडीकडे. मग अक्सकालांकडे, कारण आता निर्णय त्यांचाच होता.

होलमिर्झा-अता काठी टेकून उठले. त्यांनी मीरवली-अकांच्या हातून पक्कड घेतली, तारेसमोर उभे राहिले, आणि एवढं मोठं काम दुआ केल्याशिवाय करायचं नसतं म्हणून पक्कड काखेत धरून दोन्ही हात वर केले. सगळ्यांनी हात वर केले. जसुरनेही केले, पेन तोंडात धरून.

शेवटचं जे कळलं ते इतकंच आहे. वीज आलेली नाही. सील जागेवर आहे. होलमिर्झा-अता मोहल्ल्यातल्या दिवंगतांची नावं घेत आहेत, आणि आता कुठे आपल्या आजोबांपर्यंत आले आहेत. सनोबरला हात वर करता आलेले नाहीत. तिच्या ओंजळीतून टक्‌, टक्‌ असा आवाज येतो आहे, आणि दुआ संपेपर्यंत कोणी मध्ये बोलायचं नसतं.